संतोषाची गाथा कोणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

धम्मपद या बुद्धवचनांच्या संग्रहातल्या सुखवग्गात, म्हणजे सुखावरच्या प्रकरणात, दोन गाथा एकमेकींना लागून येतात. २०३ क्रमांकाची गाथा म्हणते, 'जिघच्छा परमा रोगा'. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे. तिच्या पुढची, २०४ क्रमांकाची गाथा म्हणते, 'सन्तुट्ठिपरमं धनं'. संतोष हे सर्वांत मोठे धन आहे. यांतली दुसरी आपण पुष्कळदा ऐकलेली असते. पहिली मात्र क्वचितच कोणी उच्चारते. माझे आजचे सगळे बोलणे या दोन गाथांच्या क्रमाबद्दल आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकाग्रंथात, प्रत्येक गाथेमागचा प्रसंग दिलेला असतो. भुकेची गाथा आळवी नगरात उच्चारली गेली. तिथला एक गरीब शेतकरी उपदेश ऐकायला निघणार होता, पण त्याच सकाळी त्याचा बैल हरवला. रानात शोधून, बैल सापडल्यावर, तो उपाशीपोटी धावत सभेत पोचला. लोक जमलेले होते, भोजन उरकले होते, सगळे उपदेशाची वाट पाहत होते, आणि बुद्ध गप्प बसून होते. शेतकरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वाढणाऱ्याला: भिक्खूंच्या संघाला वाढून काही अन्न उरले आहे का? त्या माणसाला आधी जेवू घातले. त्याचे पोट शांत झाल्यावर मग उपदेश सुरू झाला. परतीच्या वाटेवर भिक्खू कुजबुजू लागले, की एका माणसाच्या जेवणाची तथागतांनी, म्हणजे बुद्धांनी, एवढी चिंता का करावी? तेव्हा ही गाथा आली.

आणि संतोषाची गाथा? तिचा प्रसंग कोसलच्या राजा पसेनदीचा आहे. राजा भरपेट भात आणि कालवणे खाऊन आला होता. समोर बसवेना, धड झोपताही येईना, पेंगत होता. त्याला बुद्धांनी मोजून खायला शिकवले. पुढे राजाचे अंग हलके झाले, तो आनंदाने हे सांगायला आला, आणि त्या वेळी बुद्ध म्हणाले की आरोग्य हा मोठा लाभ आणि संतोष हे मोठे धन.

म्हणजे उपाशी शेतकऱ्याला अन्न आणि अतितृप्त राजाला संतोष. हा क्रम उलटा केला की धम्माचे रूपांतर अफूत होते. ज्याच्या ताटात काही नाही त्याला 'समाधानी राहा' म्हणायचे आणि ज्याचे ताट ओसंडते त्याला 'तुझे पुण्य मोठे' म्हणायचे, हे जगातल्या अनेक धर्मसंस्थांनी केले आहे, बौद्ध म्हणवणाऱ्या राजवटींनीही केले आहे. मला ते धम्माचे उघड विकृतीकरण वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे धोक्याचे ठिकाण नेमके ओळखले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाला. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, गरिबांना आहे त्यात सुख माना असे सांगितले नाही. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे लाचार होऊन मान तुकवणे नव्हे. संपत्ती मिळवायला हरकत नाही, पण ती विनयाच्या, म्हणजे नीतीच्या बंधनात मिळवायला हवी. ज्या समाजाला शतकानुशतके 'हे तुमच्या कर्माचे फळ' असे ऐकवले गेले, त्या समाजाला धम्म देताना ही रेषा ठळक आखणे किती आवश्यक होते, हे वेगळे सांगायला नको.

त्रिपिटक या बौद्ध धर्मग्रंथातली सुत्ते, म्हणजे उपदेश, वाचली तर बाबासाहेबांच्या या वाचनाला भक्कम आधार सापडतो. दीघनिकाय या त्यातल्या दीर्घ सुत्तांच्या संग्रहात कूटदंत सुत्त आहे, त्यात महाविजित नावाच्या राजाची गोष्ट आहे. राज्यात लूटमार माजली आहे आणि राजाला मोठा यज्ञ करायचा आहे. त्याचा पुरोहित त्याला म्हणतो, अशा स्थितीत नवा कर लादणे अधर्म होईल. चोरांना मारून, बांधून, हद्दपार करून हा उपद्रव संपणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा छळतील. मग उपाय काय? जे शेती आणि पशुपालन करतात त्यांना बी-बियाणे आणि चारा द्या. जे व्यापार करू पाहतात त्यांना भांडवल द्या. जे राजसेवेत आहेत त्यांना अन्न आणि वेतन द्या. राजाने तसे केले, आणि सुत्त सांगते की लोक मुलांना कडेवर नाचवत, घरांची दारे उघडी टाकून राहू लागले. अडीच हजार वर्षांच्या परंपरेतला हा मजकूर गुन्ह्याचे मूळ शोधताना माणसाच्या स्वभावापाशी थांबत नाही, तो थेट राज्याच्या तिजोरीपर्यंत जातो.

याच निकायातले चक्कवत्ति-सीहनाद सुत्त त्याची दुसरी बाजू दाखवते. तिथला राजा निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून खोटे बोलणे. माणसांचे आयुष्य घटत घटत दहा वर्षांवर येते. या घसरणीची सुरुवात कुणा चोराच्या लोभातून झालेली नाही. ती राजाच्या न देण्यातून झाली आहे.

श्रोतेहो, इथवर भुकेची गाथा झाली. आता पसेनदीकडे वळू या, कारण आजचे जग त्याच्याच पंगतीला बसले आहे, आणि वाढणारे हात मात्र उपाशी आहेत.

तृष्णा माणसात पूर्वीपासून आहे. नाण्यांचा पाऊस पडला तरी वासनांची तृप्ती होत नाही, असे धम्मपदच म्हणते. पण आजच्या बाजारव्यवस्थेत एक गोष्ट नवी आहे: तृष्णा आता माणसाच्या मनात आपोआप उगवण्याची वाट कोणी पाहत नाही. ती कारखान्यातल्या मालाइतक्याच नियोजनाने तयार केली जाते. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब-उत्पादकांनी एकत्र येऊन संघटना केली, तिचे नाव फीबस. या संघटनेने ठरवले की घरगुती बल्ब साधारण १,००० तासच चालावा. त्याआधीचे अनेक बल्ब दीड-दोन हजार तास चालत. कंपन्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात आणि ज्यांचे बल्ब जास्त टिकत त्यांना दंड होई. टिकाऊपणाला दंड! अभियंत्यांची बुद्धी वस्तू लवकर बिघडावी यासाठी खर्च होत होती.

बौद्ध परंपरा दुःखाची तीन मुळे सांगते: लोभ, द्वेष आणि मोह. ही मुळे आपण एकेकट्या माणसाच्या काळजात शोधत आलो. पण हाच लोभ कंपनीच्या तिमाही ताळेबंदात जाऊन बसतो आणि त्यावरून अधिकाऱ्यांचे पगार ठरतात, तेव्हा त्या कंपनीतला प्रत्येक माणूस व्यक्तिशः कितीही सज्जन असला तरी लोभ आपले काम करत राहतो. जाहिरातीचेही तसेच. तिचे पहिले काम वस्तू विकणे हे नसतेच. काल ज्याच्याशिवाय आपले छान चालले होते, त्याच्याशिवाय आज आपण अपुरे आहोत, हे पटवणे हे तिचे पहिले काम. मोहाची इतकी शिस्तबद्ध निर्मिती पूर्वी कधी झाली नसेल.

आणि याची किंमत कोण मोजते? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात तयार कपड्यांचे कारखाने होते. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, पण शिवणकाम करणाऱ्या मजुरांना, ज्यांत बहुसंख्य तरुण बायका होत्या, दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावले. १,१००हून अधिक माणसे मेली. त्यांच्या हातचे कपडे दूरदेशीच्या झगझगीत दुकानांत जात होते.

प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कारणांवर अवलंबून घडते हा सिद्धांत, शिकवताना 'हे असेल तर ते होते' असे सूत्र सांगतात. ते ऐकायला कोरडे वाटते. पण अंगातला सदरा हातात धरून ते सूत्र वाचावे. कापूस, पाणी, रंग, शिवणयंत्र, ती बाई, तिची कामाची पाळी, तिच्या डोक्यावरचे छत, मागणीची घाई, सवलतीचा फलक, आणि आपली खरेदीची हौस. यांतले काहीच सुटे नाही. सम्यक आजीविका, म्हणजे योग्य मार्गाने पोट भरणे, हा बुद्धांच्या अष्टांगिक मार्गाचा भाग आहे. बुद्धांनी उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच व्यापारांपासून दूर राहायला सांगितले. ही यादी त्या काळाची आहे. मजुराच्या जिवावर उठणारी स्वस्ताई आज त्या यादीत नक्कीच बसते, असे माझे ठाम मत आहे.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. राणा प्लाझानंतर पुष्कळ ग्राहक हळहळले, काहींनी त्या कंपन्यांवर बहिष्कार टाकला. प्रत्यक्षात फरक पडला तो त्याच वर्षी झालेल्या कराराने. कामगार संघटना आणि २००हून अधिक कंपन्या यांच्यात कायद्याने बंधनकारक असा करार झाला, स्वतंत्र तपासनीस नेमले गेले, इमारतींची आणि आगीपासूनच्या सुरक्षेची तपासणी झाली, दुरुस्त्या करून घेतल्या गेल्या. करुणा मनात असणे पुरेसे नसते. तिला सही, शिक्का आणि अंमलबजावणी लागते.

म्हणूनच आज बड्या कंपन्यांच्या कार्यालयांत सुरू झालेली ध्यानाची शिबिरे मला अस्वस्थ करतात. ध्यान ही अनमोल गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याला दिवसाचे बारा-चौदा तास राबवून घेतले जाते, त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायचे आणि कामाच्या तासांबद्दल अवाक्षर काढायचे नाही, यात सम्यक स्मृती, म्हणजे योग्य जागरूकता, उरते कुठे? आठ अंगांच्या मार्गातून एकच अंग उचलायचे, शील बाजूला ठेवायचे, आजीविकेचा प्रश्न बाजूला ठेवायचा, आणि उरलेल्याला बुद्धांचे नाव द्यायचे, हे योग्य नाही.

तर मग पर्याय काय? कोणी एक नकाशा काढून दिलेला नाही, पण पाऊलवाटा आहेत, आणि त्यांवर माणसे चाललेली आहेत.

सर्वांत जुनी वाट संघाचीच. भिक्खूची वैयक्तिक मालमत्ता म्हणजे तीन चीवरे (भिक्खूची वस्त्रे), भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. विहार, जमीन, शय्यासने ही सगळी संघाची, कोणाच्या एकट्याच्या नावावर नाहीत. विनयपिटक या संघाच्या नियमांच्या ग्रंथात एक सुंदर प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदेनाच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला ५०० चीवरे दान दिली. राजा रागावला, की हा भिक्खू आता कापडाचे दुकान मांडणार की काय? त्याने येऊन आनंदाला विचारले, एवढ्या चीवरांचे करणार काय? ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे? त्यांची अंथरुणावरची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बिछायत. तिचे? पायपुसणी. पायपुसण्यांची? झटकणी. आणि झटकणी फाटल्यावर? ती कुटून, मातीत कालवून, जमीन सारवू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी ५०० चीवरे दिली. फीबसच्या दंडाशेजारी हा संवाद ठेवून पाहा. वस्तूकडे बघण्याच्या या दोन दृष्टी आहेत, आणि या दोन दृष्टींतून दोन वेगळी अर्थशास्त्रे निघतात. फ्रान्सने २०२१पासून काही विद्युत उपकरणांवर ती दुरुस्त करायला किती सोपी आहेत याचे गुण छापणे सक्तीचे केले. आनंदाच्या उत्तराचे हे आधुनिक रूप म्हणायला मला संकोच वाटत नाही.

दुसरी वाट श्रीलंकेतली. १९५८ साली कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयातले तरुण शिक्षक ए. टी. अरियरत्ने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुव या गावी गेले. ते गाव रोडी जातीचे, म्हणजे त्या समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या माणसांचे. शहरातली मुले तिथे राहिली, गावकऱ्यांबरोबर खपली, त्यांच्या पंक्तीला जेवली. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली आणि पुढे हजारो गावांत पोचली. या चळवळीने मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (समभाव) हे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या उदात्त अवस्था, ध्यानाच्या आसनावरून उठवून कुदळ-फावड्यापर्यंत आणले. 'आपण रस्ता बांधतो आणि रस्ता आपल्याला बांधतो' हे तिचे घोषवाक्य. माणसाला जगायला नेमके काय लागते याचा विचार गावकऱ्यांसह करून तिने दहा मूलभूत गरजा ठरवल्या: स्वच्छ परिसर, पाणी, कपडे, समतोल आहार, साधे घर, आरोग्यसेवा, दळणवळण, इंधन, शिक्षण, आणि मनाच्या व संस्कृतीच्या गरजा. दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीचा अतिरेकही नको, असा समाज तिने ध्येय म्हणून ठेवला. माझ्या मते या चळवळीचे सर्वांत मोठे शहाणपण तिच्या पहिल्याच पावलात आहे. तिने विकासाची सुरुवात जातीच्या भिंतीपाशी केली.

हे न करता काय होते, त्याचे उदाहरण भूतानने दिले. १९७०च्या दशकात राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी म्हटले की राष्ट्राचे सुख हे राष्ट्राच्या उत्पन्नाहून महत्त्वाचे आहे. २००८च्या राज्यघटनेत हे ध्येय लिहिले गेले. विचार मोलाचा आहे. राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचे कल्याण जोखता येत नाही, हा इशारा उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकेच्या संसदेला दिलेल्या अहवालात दिला होता. पण त्याच भूतानमधून १९९०च्या सुमारास नेपाळी भाषक ल्होत्साम्पा लोकांना बाहेर काढले गेले. एक लाखाहून अधिक माणसे पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिली. सुख कोणाचे मोजायचे, हे ठरवण्याआधी माणूस कोणाला म्हणायचे, हे ठरवावे लागते. म्यानमारमध्ये २०१७ साली रोहिंग्यांवर जे ओढवले त्या वेळी काही चीवरधारी द्वेषाच्या बाजूने बोलत होते, हेही आपण विसरू नये. बौद्ध हे नाव लावल्याने न्याय येत नाही.

तिसरी वाट कायद्याची. १९९१ साली स्वीडनने आपल्या दूरचित्रवाणीवर बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिराती दाखवायला बंदी केली. ब्राझीलमधल्या साओ पावलो या महानगराने २००७पासून रस्त्यावरचे जाहिरातफलक काढून टाकले. हे निर्णय घेणाऱ्यांनी बुद्धांचे नाव घेतलेले नाही, पण इंद्रियसंयम ही एकट्या साधकाची जबाबदारी न मानता नगराची जबाबदारी मानली, तर ती अशीच दिसेल. दिवसभर माणसाच्या डोळ्यांवर मारा करायचा आणि वर त्याला संयमाचा उपदेश करायचा, ही क्रूर गोष्ट आहे.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की त्यांचे सामाजिक तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत आहे, आणि हे शब्द त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहेत. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर १९५६ला, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स यांच्याबद्दल बोलले. शोषणाचा अंत हे दोघांचेही ध्येय, पण मार्ग वेगळे. मार्क्सचा मार्ग हिंसेवर आणि हुकूमशाहीवर विसंबतो, बुद्धांचा माणसाचे मन पालटण्यावर. बाजार स्वातंत्र्य देतो, निदान ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला. हुकूमशाहीने समता आणू पाहिली आणि स्वातंत्र्य गमावले. बंधुता मात्र विकत घेता येत नाही आणि हुकूम काढून लादताही येत नाही. ती माणसे एकत्र राबतात, एकत्र हिशेब करतात, तिथेच जोपासावी लागते.

म्हणून शेवटी हिशेबाबद्दल बोलतो. बुद्धांनी अनाथपिंडिक या आपल्या धनिक उपासकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत: न्यायाने मिळवलेले धन असण्याचे सुख, ते भोगण्याचे आणि दान करण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख, आणि निर्दोष आचरणाचे सुख. तिसऱ्या सुखावर आजची बाजारव्यवस्था थेट घाव घालते, कारण पगार पुरेनासे झाले तरी खरेदी चालू राहावी म्हणून ती उधारी पुढे करते. थायलंडच्या त्रात प्रांतात भिक्खू सुबिन यांनी १९९०च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला. त्यांनी गावकऱ्यांचे बचतगट उभे केले. प्रत्येक सभासद दर महिन्याला थोडी ठरावीक रक्कम ठेवतो, ती ठेवण्याचे वचन त्याने साऱ्या गावासमोर दिलेले असते. त्याच पैशातून गरजूंना कर्ज मिळते, सावकाराकडे जावे लागत नाही. नफ्याचा एक हिस्सा सभासदांच्या आजारपणासाठी राखून ठेवतात. भिक्खू पैशाला हात लावत नाहीत. वह्या गावकरीच लिहितात, आणि कर्ज कोणाला, कशासाठी द्यायचे, हे सभासदांनीच बसून ठरवायचे असते.

नमस्कार.